तळहातावरचा संगणक आणि आपला कारखाना



वस्तूचे मोल तिच्या आकारावर ठरत नाही, हे हुपरीच्या लोकांना मी सांगावे असे नाही. चांदीच्या व्यवहारात दोन प्रश्न आधी विचारले जातात : वजन किती आणि टंच किती. वजनावरून किंमत कळते. टंचावरून त्या किमतीत आपण काय घेतले ते कळते. आज ज्या यंत्राविषयी बोलावयाचे आहे, त्याची किंमत फारच थोडी आहे, आणि म्हणूनच त्याचा टंच काढून पाहणे अगत्याचे आहे. ते यंत्र म्हणजे एका बोर्डावर मावणारा संपूर्ण संगणक.

आपल्या ओळखीच्या संगणकात पेटी असते, पडदा असतो, कळफलक असतो. परंतु ही सारी त्याची बाह्य अंगे झाली. गणित करणारी चिप, तात्पुरती स्मृती, माहिती कायम साठविण्याची जागा आणि बाहेरच्या जगाशी बोलण्याची दारे, एवढ्या चार गोष्टी म्हणजे खरा संगणक. या चारही एकाच बोर्डावर बसविल्या की झाला ‘सिंगल बोर्ड कॉम्प्युटर’. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे इंग्लंडातील केंब्रिज येथे जन्मलेला रास्पबेरी पाय. इबेन अप्टन आणि त्यांचे सहकारी यांचा हेतू मुलांना प्रोग्राम लिहिण्याची गोडी लावण्याचा होता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत ३५ डॉलर होती आणि आकार जवळजवळ आपल्या बँकेच्या कार्डाएवढा होता.

मुलांसाठी केलेली वस्तू कारखानदारांनी उचलली, ही यापुढची गंमत. २०१४ साली याच बोर्डाचे एक छोटे रूप निघाले. ते दुसऱ्या यंत्राच्या पोटात बसविण्यासाठीच बनविलेले होते. २०१६ साली जपानच्या एनईसी कंपनीने आपल्या मोठ्या जाहिरात-पडद्यांत ते बसविण्याचे जाहीर केले. जर्मनीतील कुन्बुस कंपनीने त्याच्याभोवती कारखान्याच्या विद्युत्-पेटीत रुळावर बसणारे ‘रेव्होल्यूशन पाय’ नावाचे यंत्र उभे केले. २०२४ साली मूळ कंपनी लंडनच्या शेअरबाजारात आली, त्या वेळेपर्यंत सहा कोटींवर बोर्ड खपले होते, आणि आता त्यांतील मोठा वाटा शाळांकडे नव्हे, तर उद्योगांकडे जात होता.

हे झाले परदेशचे. पण ‘कामाला पुरेल एवढाच संगणक घ्यावा’ हा धडा आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने फार पूर्वीच गिरविलेला आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ योजना सुरू झाली. गावोगावी संगणक ठेवून ते साखर कारखान्याशी जोडावेत, शेतकऱ्याला उसाची नोंद, वजन आणि बिल गावातच कळावे, अशी ती कल्पना. कल्पना चांगली होती. पण काही वर्षांनी असे आढळले की, त्या मोठ्या संगणकांचा उपयोग मुख्यतः चार आकडे पाठविण्यासाठी आणि चार आकडे पाहण्यासाठीच होत आहे. वीज, दुरुस्ती आणि जोडणी यांचा भार मात्र पुऱ्या संगणकाचा. तेव्हा पुढच्या दशकात संशोधकांनी सात गावांत प्रयोग केला : संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन ठेवला आणि आकड्यांची देवघेव एसएमएसने केली. काम तेच झाले, खर्च उतरला. यंत्र निवडताना ‘यात काय काय होते?’ असे न विचारता ‘मला किती हवे?’ असे विचारावे, हा त्यातला बोध होय.

आता हाच प्रश्न आपल्या कामाला लावून पाहू. समजा, एखाद्या कारखानदाराला चांदी वितळविण्याच्या भट्टीचे तापमान सतत टिपून ठेवावयाचे आहे. चांदी वितळते सुमारे ९६२ अंश सेल्सिअसला. एवढी उष्णता मोजण्यासाठी ‘थर्मोकपल’ वापरतात. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडून ते टोक तापविले की दुसऱ्या टोकांत अल्पसा विद्युत्-दाब उत्पन्न होतो. नेहमीच्या ‘के’ जातीच्या थर्मोकपलमध्ये या तापमानाला तो एका व्होल्टाच्या हजार भागांपैकी जेमतेम चाळीस भाग असतो. रास्पबेरी पायला हा बारीक दाब थेट वाचता येत नाही. त्याच्या पिनांना ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढीच भाषा समजते. म्हणून मध्ये दाब वाढवून त्याचा आकडा करणारी एक लहानशी चिप बसवावी लागते. शिवाय या पिना ३.३ व्होल्टांच्या आहेत, आणि कारखान्यातील यंत्रे सामान्यतः २४ व्होल्टांवर बोलतात. कोणी सरळ तार जोडली, तर बोर्ड जागच्या जागी जळेल. दोहोंच्या मध्ये वीज अडवून केवळ इशारा पलीकडे पोचविणारा भाग हवा. सारांश, बोर्ड स्वस्त, पण त्याला कारखान्यात उभे करणारी सोबत वेगळी विकत घ्यावी लागते. पेटी, वीजपुरवठा, जोडण्या आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याची मजुरी धरल्यावर मूळ बोर्डाची किंमत हा एकूण खर्चाचा लहान भाग ठरतो. ज्याने केवळ बोर्डाच्या किमतीवर हिशेब मांडला, त्याचा हिशेब पहिल्या महिन्यातच चुकला म्हणून समजावे.

दुसरी परीक्षा विजेची. या बोर्डांवर माहिती बहुधा मोबाइलमध्ये असते तसल्या छोट्या मेमरी कार्डावर साठविलेली असते. लिहिणे चालू असताना वीज गेली, तर कार्डावरची मांडणी बिघडू शकते आणि दुसऱ्या दिवशी संगणक उठतच नाही. घरच्या छंदात हे चालून जाईल. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी विकावयाच्या यंत्रात चालणार नाही. यावर उपाय आहेत. कार्डाऐवजी बोर्डावरच पक्की बसविलेली स्मृती असलेला नमुना घ्यावा. मूळ प्रणाली केवळ वाचण्याजोगी ठेवून नोंदी वेगळ्या जागी लिहाव्यात. वीज गेल्यावर नीट बंद होण्यापुरता वेळ देणारी छोटी बॅटरी जोडावी. आणि संगणक अडकून पडला तर त्याला आपोआप पुन्हा सुरू करणारा ‘वॉचडॉग’ चालू ठेवावा.

घड्याळाची गोष्टही तशीच. रास्पबेरी पायच्या २०२३ पूर्वीच्या नेहमीच्या नमुन्यांत वीज नसतानाही चालणारे घड्याळ नव्हते. ते वेळ इंटरनेटवरून विचारून घेत. २०२३ च्या नमुन्यात घड्याळ आले, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. इंटरनेट नसेल आणि बॅटरीही नसेल, तर वीज आल्यावर संगणक चुकीची वेळ धरून नोंदी करू लागतो.

ही बाब क्षुल्लक वाटेल, पण तशी नाही. चांदी कारागिराच्या हाती वजनाने जाते आणि दागिना होऊन वजनाने परत येते. मधली घट किती, यावर मालक आणि कारागीर यांचा विश्वास उभा असतो. उद्या या वजनांची नोंद वहीऐवजी यंत्र ठेवू लागले आणि त्यात वेळ चुकली किंवा एक ओळ गळाली, तर यंत्र मुकाट राहील आणि बोल माणसाला लागेल. आणि बहुधा तो दोघांपैकी दुबळ्यालाच लागेल. म्हणून नोंद ठेवणाऱ्या यंत्राने दोन्ही पक्षांना छापील चिठ्ठी द्यावी, आणि केलेली दुरुस्ती जुना आकडा न पुसता दाखवावी. स्वस्त यंत्राची ही पहिली नैतिक अट होय.

वजनाच्या बाबतीत कायद्याचीही अट आहे. व्यापारात वापरावयाच्या काट्याचा नमुना २००९ च्या वैध मापन कायद्याखाली मंजूर असावा लागतो, आणि काटा वेळोवेळी तपासून त्यावर मुद्रा घ्यावी लागते. तेव्हा बोर्ड वापरून स्वतःचाच काटा बनवून विकणे हा वेगळा उद्योग झाला. मंजूर काट्यातून बाहेर येणारा आकडा तारेने वाचून त्याची नोंद ठेवणे हा सुरक्षित मार्ग. त्याचप्रमाणे बिनतारी जोडणी असलेले यंत्र विकावयाचे तर केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची मान्यता पाहावी लागते. बोर्डाला मान्यता असली म्हणजे त्यापासून बनलेल्या संपूर्ण यंत्राचे सारे सोपस्कार संपले, असे समजू नये.

तिसरी परीक्षा सुरक्षिततेची. अमेरिकेतील नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेत २०१८ साली परवानगीविना जाळ्याला जोडलेल्या एका रास्पबेरी पायच्या वाटेने चोर आत शिरले आणि त्यांनी सुमारे ५०० मेगाबाइट माहिती नेली. अवकाशात याने पाठविणाऱ्या संस्थेच्या भिंतीला एवढ्याशा वस्तूने भगदाड पडले! आपण दाराला कुलूप लावतो, पण भिंतीला लटकविलेल्या या डबीचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच ठेवतो. पासवर्ड बदलणे, नको असलेली दारे बंद करणे आणि वेळोवेळी प्रणाली अद्ययावत करणे ही कामे कोण करणार, हे यंत्र विकण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

चौथी परीक्षा पुरवठ्याची. २०२१ ते २०२३ या काळात चिपांच्या टंचाईने हे बोर्ड मिळेनासे झाले. कंपनीने उद्योगांना प्राधान्य दिले, तरी लहान गिऱ्हाइकांचे हाल झालेच. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपा महागल्या आणि काही नमुन्यांच्या किमती चढल्या. ज्याचे सारे उत्पादन एकाच कंपनीच्या एकाच बोर्डावर उभे आहे, त्याची मान दुसऱ्याच्या हाती असते. म्हणून हा नमुना आणखी किती वर्षे बनणार आहे याचे कंपनीने जाहीर केलेले वर्ष पाहावे, काही बोर्ड शिल्लक ठेवावेत, आणि प्रोग्राम असा लिहावा की दुसऱ्या बोर्डावर तो थोड्या खटपटीने चालेल.

शेवटी, मुळात संगणक हवा आहे काय? पडदा, कॅमेरा, इंटरनेट किंवा मोठी नोंदवही पाहिजे असेल, तर हा बोर्ड योग्य. परंतु केवळ यंत्राचे फेरे मोजावयाचे, किंवा ठरल्या तापमानाला घंटा वाजवावयाची, एवढेच काम असेल, तर त्याहून स्वस्त ‘मायक्रोकंट्रोलर’ पुरतो. त्यात लिनक्ससारखी प्रणाली नसते, म्हणून ती बिघडत नाही आणि वीज येताच तो क्षणात कामाला लागतो. उलट, जेथे क्षणाचा उशीर झाला तर बोट तुटेल किंवा भट्टी उतू जाईल, तेथे या दोहोंवर न विसंबता त्याच कामासाठी बनविलेले औद्योगिक नियंत्रक आणि साधे, हाताने दाबावयाचे, थेट वीज तोडणारे लाल बटण हवे. हा बोर्ड उत्तम कारकून आहे. त्याला पहारेकरी नेमू नये.

श्रोतेहो, या यंत्राने एक मोठी गोष्ट मात्र निःसंशय केली आहे. पूर्वी असे काही बनवावयाचे म्हणजे मोठ्या कंपनीचे भांडवल लागे. आज इचलकरंजीच्या मागवाल्याला, शिरोलीच्या फौंड्रीवाल्याला किंवा हुपरीच्या कारखानदाराला आपल्या कामाला बेतलेले यंत्र गावातल्याच शिकलेल्या मुलाकडून करून घेता येईल, आणि ते बिघडले तर तोच ते दुरुस्त करील. ज्या गावाने पैंजणाची एकेक कडी हाताने जुळवून नाव मिळविले, त्या गावाला बारीक कामाचे भय वाटण्याचे कारण नाही. फक्त घेण्यापूर्वी वजनाबरोबर टंचही पाहावा.