न दिसणाऱ्या धुराची गाळणी

घाटात चढणीला लागलेल्या ट्रकमागे अडकलो, की पूर्वी आपली पहिली हालचाल ठरलेली असे. गाडीच्या काचा वर करायच्या. पुढच्या चालकाने गिअर बदलला, की काळ्या धुराचा लोट अंगावर आलाच म्हणून समजा. अलीकडच्या ट्रकमागे असा लोट सहसा दिसत नाही. त्याच वेळी महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर एक नवी वस्तू आली आहे, वीस लिटरची बादली. चालक तिला ‘युरिया’ म्हणतात. कागदोपत्री नाव डीईएफ, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. काळा लोट जाणे आणि ही बादली येणे या एकाच बदलाच्या दोन बाजू आहेत. पण धूर दिसत नाही, म्हणजे हवा स्वच्छ झाली असे मात्र नाही.

एक धरले की दुसरे सुटते

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी पाडावी लागत नाही. आत फक्त हवा घेतली जाते, ती जोराने दाबून तापवली जाते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला, की तो आपोआप पेटतो. फवाऱ्यातील ज्या भागाला पुरेशी हवा मिळत नाही, तिथे काजळी तयार होते. जिथे ज्योत फार तापते, तिथे हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. इंजिनाची जुळणी बदलून काजळी कमी करायला जावे, तर हे वायू वाढतात; वायू कमी करायला जावे, तर काजळी वाढते. म्हणूनच एका टप्प्यानंतर केवळ इंजिन सुधारून भागेना. बाहेर पडणारा धूर वाटेतच स्वच्छ करणे भाग पडले.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आपल्या छातीत आहे. काजळीचे बरेच कण एक मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात. नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि जाताना अंगाला चिकटलेली घातक रसायनेही सोबत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. त्यामागच्या पुराव्यांत अमेरिकेतील खाणींत काम केलेल्या १२ हजारांहून अधिक कामगारांचा अभ्यास महत्त्वाचा होता. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा त्रास वेगळा. ते श्वासनलिकेचा दाह वाढवतात, दमेकऱ्यांना छळतात आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोनही तयार होतो.

सायलेन्सरच्या जागी छोटा कारखाना

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली. डिझेल मोटारीला एका किलोमीटरमागे नायट्रोजनचे ऑक्साइड २५० मिलिग्रॅमपर्यंत सोडण्याची मुभा होती, ती ८० वर आली. कणांची मर्यादा २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर आली. हे साधायला साधारणपणे तीन टप्पे लागतात.

पहिला टप्पा उत्प्रेरकाचा. प्लॅटिनम आणि पॅलेडियमचा लेप दिलेल्या जाळीवरून धूर जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांचे रूपांतर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यात होते.

दुसरा टप्पा गाळणीचा, म्हणजे डीपीएफचा. ही मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची वीट असते. तिच्यातील निम्म्या नळ्या पुढून बंद, तर त्यांच्या शेजारच्या मागून बंद. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून पाझरूनच पलीकडे जावे लागते आणि काजळी अलीकडे अडकते. पण गाळणी म्हटली की ती तुंबणारच. म्हणून अधूनमधून इंजिन थोडे जादा डिझेल सोडून तापमान सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत नेते आणि साठलेली काजळी जाळून टाकते.

तिसऱ्या टप्प्यात बादलीतला युरिया येतो. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो, बाकीचे क्षारविरहित पाणी. तापलेल्या धुरात त्याचा फवारा मारला, की युरियाचा अमोनिया होतो. हा अमोनिया उत्प्रेरकावर नायट्रोजनच्या ऑक्साइडांना भेटतो आणि दोघांचे साधे नायट्रोजन व पाणी होते. युरिया म्हणजे खतच, मग शेतातल्या गोणीतला का चालत नाही? कारण त्यात अशुद्धी असते, शिवाय आपल्याकडच्या अनुदानित युरियावर कडुनिंबाच्या तेलाचे आवरण असते. असे पाणी घातले, तर फवाऱ्याचे तोंड तुंबते आणि महागडा उत्प्रेरक निकामी होतो.

या साऱ्याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे इंधनातले गंधक. गंधक उत्प्रेरकाला मारते. म्हणून आधी डिझेल शुद्ध व्हावे लागले. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये केवळ १०. इंधन आणि वाहने यांची मानके टप्प्याटप्प्याने एकत्र कडक करण्याचा आराखडा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्येच दिला होता. पुढे २०१६ मध्ये सरकारने बीएस-५ ची पायरी गाळून थेट सहावर जायचे ठरवले.

दुखणे कुठे आहे?

ही सारी यंत्रणा उष्णतेवर चालते. शहरात सिग्नलला थांबत, दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा धूर पुरेसा तापतच नाही. मग काजळी जळत नाही, गाळणी तुंबते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. युरियाचा फवाराही थंड धुरात काम करत नाही.

दुसरे दुखणे माणसाचे आहे. युरियाचा खर्च आणि गाळणीची कटकट टाळण्यासाठी काही ठिकाणी गाळणी पोखरून रिकामी केली जाते किंवा इंजिनाच्या संगणकाला फसवून फवारा बंद केला जातो. गाडी पळते, खर्च वाचतो आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. फसवणुकीचा हा मोह केवळ छोट्या गॅरेजपुरता नाही. फोक्सवॅगनच्या मोटारींत चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ ठेवणारे सॉफ्टवेअर असल्याचे सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले. रस्त्यावर त्यातल्या काही मोटारी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत नायट्रोजनचे ऑक्साइड सोडत होत्या. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या.

आपली पीयूसी तपासणी इथे तोकडी पडते. डिझेल वाहनाच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजला जातो. नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत आणि अतिसूक्ष्म कण प्रकाश फारसा अडवत नाहीत. युरियाचा फवारा बंद केलेला ट्रकही त्यामुळे पीयूसीत पास होऊ शकतो. नेदरलँड्सने यावर उपाय म्हणून जानेवारी २०२३ पासून गाळणी बसवलेल्या डिझेल वाहनांच्या तपासणीत थेट कण मोजायला सुरुवात केली. तपासणी कठीण नाही, काही सेकंदांत गाळणी शाबूत आहे की नाही ते कळते.

तोवर वाहन बाळगणाऱ्यांच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. गाळणीचा दिवा लागला, तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगात काही वेळ चालवावी, मध्येच बंद करू नये. त्यानंतर ती लगेच वाळलेल्या गवतावर उभी करू नये, कारण खालचा भाग प्रचंड तापलेला असतो. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेले, कमी राख सोडणारेच वापरावे. ही राख जळत नाही, गाळणीतच साचते. डीईएफ सीलबंद घ्यावे. आणि ज्याला रोजचा प्रवास गल्लीबोळातलाच आहे, त्याने नवी गाडी घेताना डिझेलचा विचार दोनदा करावा.

गॅरेजमध्ये गाळणी काढून टाकल्याने वाचलेले पैसे मालकाच्या खिशात जातात. तो धूर मात्र सर्वांत आधी चालक, क्लीनर, मार्केट यार्डात ट्रकमागे उभे राहून पोती उतरवणारे हमाल आणि चौकातला वाहतूक पोलीस यांच्या छातीत जातो. पूर्वी त्यांना निदान धूर दिसायचा आणि तोंडाला रुमाल लावता यायचा. आता तो दिसतही नाही.