डबल बेसला तार कोणती लावायची? जाड की बारीक, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे ताणाचा!

जाझच्या एखाद्या व्हिडिओत मागे उभा राहून माणसापेक्षा उंच ‘व्हायोलिन’ बोटांनी छेडणारा वादक तुम्ही पाहिला असेल. ते वाद्य म्हणजे डबल बेस. ऑर्केस्ट्रात हेच वाद्य गजाने वाजवतात.

या वाद्याच्या चार तारांच्या एका संचाला हजारो रुपये मोजावे लागतात. निवड चुकली तर पैसे जातातच, शिवाय मनगट दुखायला लागतं आणि जुनं वाद्य असेल तर त्याच्या लाकडावरही बेततं. म्हणून नवीन तारा घेण्याआधी हे गणित समजून घ्या.

ताण कशावर ठरतो?

तीन गोष्टींवर: तारेची लांबी, तिचा सूर आणि तिचं वजन.

तंबोरा आठवा. खर्जाची तार जाड आणि पितळी असते. पुरुष गायकाच्या आणि गायिकेच्या तंबोऱ्याला वेगवेगळ्या जाडीच्या तारा लावतात, कारण पट्टी बदलते. डबल बेसलाही हाच नियम लागू होतो.

बेसच्या तारा ई, ए, डी, जी अशा सुरांत लावतात. ई सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, तर जी सुमारे ९८ वेळा. दोन्ही तारा सारख्याच वजनाच्या असत्या, तर जीवर ईच्या साडेपाच पटींहून जास्त ताण द्यावा लागला असता. तसं होऊ नये म्हणून ई जड बनवतात. परिणामी बहुतेक स्टीलच्या संचांत प्रत्येक तारेवर साधारण २५ ते ३२ किलो ताण असतो. चारही तारांचा मिळून ११० ते १३० किलो! त्यातला मोठा हिस्सा घोडीतून वाद्याच्या वरच्या फळीवर दाबला जातो.

मग जाड तार म्हणजे जास्त ताण का?

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. जाडी आणि ताण यांची तुलना एकाच प्रकारच्या तारांमध्येच करता येते. आतड्याची तार स्टीलपेक्षा जाड दिसते, पण ती हलकी असते आणि तिचा ताण बहुधा कमी असतो. त्यामुळे पाकिटावरची जाडी बघू नका, ताणाचा आकडा बघा. अनेक युरोपीय तारांवर ‘वाइख’, ‘मिटेल’ आणि ‘श्टार्क’ हे जर्मन शब्द असतात. त्यांचा अर्थ मऊ, मध्यम आणि कडक.

वाद्याची लांबीही बघा. घोडीपासून वरच्या टोकापर्यंत तारेची लांबी १०६ सेंटीमीटरऐवजी ११० असेल, तर तीच तार त्याच सुरात सुमारे ८ टक्के जास्त ताणली जाते. मित्राच्या बेसवर मऊ वाटलेली तार तुमच्याकडे कडक वाटते, ती यामुळेही.

कोणी काय निवडावं?

• नवशिके: मध्यम किंवा मऊ ताणाचा स्टीलचा संच. हात तयार व्हायला वेळ मिळतो.
• ऑर्केस्ट्रा: गजाला चटकन प्रतिसाद देणाऱ्या, मध्यम ताणाच्या तारा.
• जाझ: छेडल्यावर सूर लांबवर टिकवणाऱ्या स्टीलच्या तारा.
• रॉकबिली आणि जुन्या धाटणीचं वादन: आतड्याच्या किंवा तशाच कृत्रिम तारा. तार ओढून फिंगरबोर्डवर आपटायची असते, तिथे कमी ताण सोयीचा.
• सोलो: इथे सगळे सूर एक पूर्ण स्वर वर चढवतात. नेहमीच्या तारा तशा चढवल्या तर ताण सुमारे २६ टक्के वाढतो. म्हणून सोलोसाठी हलका संच वेगळा मिळतो. तोच घ्या.

निवड चुकली हे कसं ओळखायचं?

ताण जास्त असेल तर आवाज गळा आवळल्यासारखा येतो आणि डावा हात लवकर थकतो. ताण कमी असेल तर तार मोठा झोका घेते आणि फिंगरबोर्डवर खडखडते, गजाखाली लिबलिबीत वाटते. अशा वेळी घोडी थोडी उंच करावी लागते.

पण लगेच तारेला दोष देऊ नका. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि तारा फिंगरबोर्डपासून वर उचलल्या जातात. जूनमध्ये अचानक तारा कडक वाटू लागल्या, तर आधी तारांची उंची मोजा. बऱ्याचदा घोडीची उंची कमी केली की काम भागतं.

तारा बदलताना

चारही तारा एकदम काढू नका. वाद्याच्या आत साउंड पोस्ट नावाची लाकडी दांडी असते. ती चिकटवलेली नसते, दाबाने उभी असते. सगळा ताण गेला की ती पडू शकते आणि घोडीही सुटते. एक तार काढा, नवी लावा, सुरात आणा, मग दुसरी. प्रत्येक वेळी घोडी पुढे झुकली नाही ना, ते बघा. आतड्याच्या जाड तारा लावणार असाल तर खाचा रुंद कराव्या लागतात. ते काम कारागिराकडूनच करून घ्या.

नव्या तारा स्थिरावायला काही दिवस लागतात. पहिल्याच दिवशी ‘नाही आवडल्या’ म्हणून काढून टाकू नका. आणि जुना संच फेकू नका, ऐन कार्यक्रमात तार तुटली तर तोच कामी येतो.