विश्लेषण : ‘धर्मवीर’ नेमका कधी, कुठे पाहिला होता? पाहिलेल्या सिनेमा-मालिकांची नोंद फोनमध्ये कशी ठेवाल?

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर ‘धर्मवीर पाहिला का?’ असे कोणालाही विचारले तर उत्तर बहुधा ‘हो’ असेच येईल. आनंद दिघे यांचा आनंद आश्रम याच नाक्यावर आहे आणि चित्रपटाच्या पूर्ण नावातच ‘मुक्काम पोस्ट ठाणे’ आहे. पण कधी, कुठे आणि कोणासोबत पाहिला, असे विचारले की गडबड होते. पहिला भाग १३ मे २०२२ रोजी प्रदर्शित झाला, दुसरा २७ सप्टेंबर २०२४ रोजी. मधल्या काळात पहिला भाग ओटीटीवरही आला. घरच्यांसोबत थिएटरमध्ये पाहिलेला कोणता आणि रात्री मोबाइलवर संपवलेला कोणता, हे काही वर्षांत एकमेकांत मिसळते. पाहिलेला प्रत्येक सिनेमा, प्रत्येक मालिका तारखेसह टिपून ठेवण्याची सवय आता अनेक जण लावून घेत आहेत, ती यासाठीच.

ओटीटीवर इतिहास असतोच, मग वेगळी नोंद कशाला?

तो इतिहास पाहणाऱ्याचा नसतो, प्रोफाइलचा असतो. घरात चौघे एकच प्रोफाइल वापरत असतील तर आजीची मालिका, मुलांचे कार्टून आणि तुमचा थ्रिलर एकाच यादीत सापडतात. तुम्हाला झोप लागली आणि पुढचे दोन भाग आपोआप सुरू राहिले, तर तेही ‘पाहिलेले’ ठरतात. याउलट थिएटरमध्ये किंवा मित्राच्या फोनवर पाहिलेल्या सिनेमाचा यादीत पत्ताच नसतो.

शिवाय यादी कंपनीच्या सर्व्हरवर असते. जुलै २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने घराबाहेर पासवर्ड वाटून घेण्यावर भारतात बंधन आणले. मित्राच्या खात्यावर वर्षानुवर्षे पाहणाऱ्यांना प्रोफाइल नव्या खात्यावर हलवण्याची सोय होती; ज्यांनी ती वापरली नाही, त्यांची यादी मित्राकडेच राहिली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार मिळून ‘जिओहॉटस्टार’ झाले. अ‍ॅप बंद होणे, विलीन होणे यापुढेही चालूच राहणार.

ही सवय कुठून आली?

अ‍ॅपच्या खूप आधीपासून ती आहे आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यात आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. ते ज्यांनी उभे केले ते पी. के. नायर लहानपणी तिरुवनंतपुरममध्ये सिनेमाची तिकिटे जपून ठेवत. वजनकाट्यातून निघणारी, नटनट्यांची चित्रे असलेली कार्डेही त्यांच्या संग्रहात असत. पुढे पुण्यात अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून, छोट्या टॉर्चच्या उजेडात छोट्या वहीत काहीतरी लिहिणारे नायर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. कोणते दृश्य कितव्या रिळात आहे, हे ते सहज सांगत. फाळकेंच्या ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ या चित्रपटांचे उरलेले भाग त्यांनी मिळवले, म्हणून आज ते पाहता येतात. २०१६ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरचा ‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) हा माहितीपट मिळाला तर जरूर पाहा (आणि नोंदवून ठेवा).

दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्या एका इंजिनीअरचे. कॉल नीडहॅम पाहिलेल्या सिनेमांचे तपशील स्वतःपुरते संगणकावर ठेवत होते. त्या नादातूनच १९९० मध्ये आयएमडीबी सुरू झाले. १९९८ मध्ये ते अ‍ॅमेझॉनने विकत घेतले.

आता कोणते अ‍ॅप वापरले जाते?

सिनेमासाठी सर्वाधिक चर्चेत आहे ते लेटरबॉक्स्ड. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात २०११ मध्ये ते तयार झाले. २०२३ मध्ये त्यातला मोठा हिस्सा कॅनडातल्या ‘टायनी’ कंपनीने घेतला. त्यातील ‘डायरी’त तारीख, अर्ध्यापासून पाचपर्यंत स्टार, चार ओळींचे मत आणि ‘पुन्हा पाहिला’ अशी खूण करता येते. नोंदी इतरांनाही दिसतात, त्यामुळे खाते उघडताना खरे नाव द्यायचे की नाही ते आधी ठरवा. मालिकांचे भाग मोजायचे असतील तर ट्रॅक्टसारखे अ‍ॅप अधिक सोयीचे.

मराठी सिनेमा तिथे सापडतो का?

नवे सापडतात. जुन्यांसाठी थोडी खटपट करावी लागते. ‘पिंजरा’ (१९७२) सारखे नावही रोमन लिपीत दोन-तीन पद्धतींनी लिहिले जाते. एका स्पेलिंगने नाही मिळाला तर दुसऱ्याने पाहा. तरीही नसेल तर लेटरबॉक्स्डला दोष देऊन उपयोग नाही. ते चित्रपटांची माहिती टीएमडीबी या खुल्या संकेतस्थळावरून घेते आणि तिथे कोणालाही मोफत खाते उघडून नवा चित्रपट टाकता येतो. नाव, वर्ष, दिग्दर्शक, कलाकार एवढे भरले की काही काळाने तो लेटरबॉक्स्डवर दिसू लागतो. मराठीतले कितीतरी सिनेमे अशा एखाद्या अनोळखी प्रेक्षकाच्या अर्ध्या तासावर अवलंबून आहेत.

मागच्या काही वर्षांची यादी कशी मिळवायची?

नेटफ्लिक्सवर ब्राउझरमधून खात्यात जाऊन प्रोफाइलच्या ‘व्ह्यूइंग अ‍ॅक्टिव्हिटी’ पानाच्या तळाशी ‘डाउनलोड ऑल’ दाबले की नाव आणि तारीख अशा दोन रकान्यांची फाइल मिळते. ती थेट लेटरबॉक्स्डमध्ये टाकू नका. मालिकांच्या ओळी काढा, तारखेच्या रकान्याला ‘वॉच्डडेट’ हे शीर्षक इंग्रजीत द्या आणि तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी करा. महिना आणि दिवसाची अदलाबदल झाली तर ५ ऑगस्टचा सिनेमा ८ मेला जाऊन बसतो.

थिएटरसाठी ई-मेलमध्ये तिकीट बुकिंगच्या अ‍ॅपचे नाव शोधा. जुन्या तिकिटांचे मेल तारीख, शो आणि थिएटरसह तिथेच पडून असतात. मल्टिप्लेक्सची छापील तिकिटे जपली असतील तर आजच त्यांचे फोटो काढा; थर्मल कागदावरची अक्षरे काही वर्षांत उडून जातात. मल्हार, वंदना, आनंद या थिएटरांतल्या जुन्या शोंचा माग कोणत्याही फाइलमध्ये लागणार नाही. त्यासाठी घरातल्या मोठ्यांनाच विचारावे लागेल. वर्ष आठवले नाही तर ‘नोकरी लागली त्या पावसाळ्यात’ असे लिहिले तरी चालते.

अ‍ॅपच बंद पडले तर?

लेटरबॉक्स्डच्या सेटिंग्जमधील ‘डेटा’ विभागातून सर्व नोंदी एका झिप फाइलमध्ये उतरवून घेता येतात. दर सहा महिन्यांनी ती काढून स्वतःलाच मेल करा. ज्यांना एवढेही नको, त्यांना फोनमधली साधी नोट किंवा एक्सेलची शीट पुरते : तारीख, नाव, कुठे, कोणासोबत. यातला ‘कोणासोबत’ हा रकाना ओटीटीच्या इतिहासात नसतो. तो तेवढा रिकामा ठेवू नका.