आधी चमक, मग गडगडाट



माकुणसारच्या खाचरात भाताची आवणी चालू असता वीज चमकली, की आपण मनात आकडे मोजतो. गडगडाट उशिरा आला तर वीज लांब, लगेच आला तर जवळ. हाच हिशोब शास्त्रज्ञ न्यूट्रिनो शोधायला वापरतात.

न्यूट्रिनो हा अतिसूक्ष्म कण. तो सूर्यातून येतो, शेजारच्या तारापूरसारख्या अणुभट्टीतूनही निघतो. डोंगर, भिंती, आपले शरीर यांतून आरपार जातो. क्वचितच कशाला धडकतो. म्हणून त्याची भीती नको. पण म्हणूनच तो सापडतही नाही.

अमेरिकेत जुन्या सोन्याच्या खाणीत, दीड किलोमीटर खोल, त्यासाठी 'ड्यून' हा प्रयोग उभारला जात आहे. वेल्डिंगला वापरतात तोच अरगॉन वायू उणे १८६ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव टाक्यांत भरायचा. न्यूट्रिनो धडकला की द्रवात चमक उठते. ती डोळ्यांना दिसत नाही. खास लेप तिचा निळा उजेड करतो आणि यंत्र तो टिपते. धडकेत सुटलेले इलेक्ट्रॉन विजेच्या ओढीने मागाहून काठाला पोहोचतात. मधल्या वेळावरून धडक किती लांब झाली ते कळते.

याने पीक वाढणार नाही. पण मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ 'ध्रुव' अणुभट्टीजवळ चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावून, भट्टीवर बाहेरून नजर ठेवता येईल का, ते पाहत आहेत. तारापूरच्या शेजाऱ्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आणि शेतात चमकेनंतर तीस मोजायच्या आत गडगडाट झाला, तर अवजार तिथेच टाका आणि पक्क्या घरात जा.