आपल्या पायांनी आलेला विश्वास

सातारा-सांगलीकडे कुठेही गेलो तरी आई-वडिलांची एक तक्रार आम्हाला हमखास ऐकू येते: मुलं उपासनेला येतात, पण बळंच. याचं उत्तर आज साताऱ्यातच शोधू.

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळक मिशनचा पगार सोडून साताऱ्यात आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेला ख्रिस्तभक्तही तिथे चालायचा. १९१९ मध्ये टिळक गेले. दरबारही फार टिकला नाही.

टिकलं ते घरातलं. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षं दोघं वेगळे होते. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं चालूच! टिळकांनी ते मोडायला लावलं नाही, उलट त्यांची सोय पाहिली. १९०० साली बाई आपल्या पायांनी आल्या.

आपण मुलांना पाच वर्षं देतो का? पाच मिनिटं तरी? त्यांनी शंका काढली की, “फार शहाणा झालास,” म्हणून गप्प करतो.

टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं. मुलगा देवदत्त वडिलांच्या आठवणी जमवत होते, त्यातून बाईंची ‘स्मृतिचित्रे’ लिहून झाली. धर्मावरून घरात झालेली भांडणं त्यांनी त्यात लपवलेली नाहीत. नातू अशोक टिळकांनीही ती गाळली नाहीत, पुस्तक नव्यानं संपादित केलं. ती प्रकरणं घरी मुलांबरोबर वाचून पाहू.