विश्लेषण : पोलादाच्या भट्ट्या विझल्या, ॲबरॅव्हनची चौपाटी पुन्हा गजबजेल का?

वेल्समधील पोर्ट टॅल्बोट येथील ‘टाटा स्टील’ची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. कारखान्याला लागूनच ॲबरॅव्हनचा सुमारे पाच किलोमीटर लांबीचा वालुकामय किनारा आहे. धूर गेला की पर्यटक परततील, हे गणित मात्र वाटते तितके सोपे नाही.

पोलाद आणि चौपाटी एकत्र कशी वाढली?

ॲबी वर्क्स हा कारखाना १९५१ मध्ये समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर उभा राहिला. सँडफील्ड्स ही वसाहतही वाळूवरच वसली. नावच ते सांगते. १९६०च्या दशकात कारखान्यात सुमारे १८ हजार कामगार होते. त्यांच्या पगारावरच चौपाटी बहरली. मायामी बीच हे मनोरंजन उद्यान आले, १९६५ मध्ये आफन लिडो हे जलतरण तलावासह क्रीडासंकुल उघडले. संध्याकाळी तिथे संगीताचे जलसे होत.

ओहोटी कशामुळे लागली?

दोष धुराला दिला जातो, पण तो अर्धाच खरा. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून वाहतो. त्यामुळे धुळीचा मारा किनाऱ्यापेक्षा कारखान्यामागच्या तायबाखसारख्या वस्त्यांवर अधिक. बँक्सी या अज्ञात चित्रकाराने २०१८ मध्ये तिथल्याच एका गॅरेजच्या भिंतीवर, बर्फ समजून राख जिभेवर झेलणारा मुलगा रंगवला. चौपाटीला मोठा फटका बसला तो स्पेनच्या स्वस्त सहलींचा आणि १९८०च्या दशकातील कामगारकपातीचा. लिडो तर डिसेंबर २००९ मधील आगीत गेला.

आता पुढे काय?

टाटांनी २००७ मध्ये ‘कोरस’ विकत घेतली, तेव्हा हा कारखाना त्यांच्याकडे आला. दिवसाला दहा लाख पौंड तोटा होत असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. आता भंगार वितळवणारी विद्युत भट्टी उभारली जात आहे. खर्च १२५ कोटी पौंड; त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे. कार्बन उत्सर्जन बरेच घटेल, पण या भट्टीला माणसेही कमी लागतात. पोर्ट टॅल्बोटमधील सुमारे दोन हजार नोकऱ्यांवर गदा आली आहे. चौपाटीवर खर्च करणारा हाच वर्ग होता.

नवी भट्टी २०२७ अखेर किंवा २०२८च्या सुरुवातीला पेटेल. पूर्वी जहाजांतून लोहखनिज आणि कोळसा येई. सध्या पोलादाचे तयार स्लॅब आयात होतात आणि कारखान्यात ते फक्त लाटले जातात.