पिवळ्या पानाचे कोडे

आमच्या परसातले कागदी लिंबाचे झाड तीन पावसाळे पिवळे पडत होते. खताच्या दुकानात दरवेळी युरिया मिळाला आणि मी तो निमूटपणे आळ्यात टाकला. तिसऱ्या वर्षी फांद्यांचे शेंडे वाळू लागले तेव्हा कुठे मी पान हातात घेऊन पाहिले. हे आधीच करायला हवे होते.

पिवळेपणा कुठून सुरू झाला, ते आधी पाहावे. नत्र झाडात फिरते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतले काढून कोवळ्यांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. मॅग्नेशियमही तसेच फिरते, पण त्यात शिरा हिरव्या राहून मधला भाग फिकटतो. लोह मात्र एकदा पानात बसले की सहसा हलत नाही. त्यामुळे शेंड्याची नवी पालवी पिवळी आणि तिच्या शिरांची जाळी हिरवी दिसते. द्राक्ष असो, भुईमूग असो की भांग, खूण हीच. माझे लिंबू शेंड्याकडून पिवळे होते आणि मी मुळाशी नत्र ओतत होतो!

लोहाचा हा संबंध फ्रान्समधल्या युसेब ग्रिस यांनी 1840च्या दशकात दाखवला. लोहाचे क्षार दिल्यावर पिवळी पाने पुन्हा हिरवी होतात, हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. तरी एक पेच उरतोच. आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असते. पण चुनखडीमुळे सामू आठच्या वर गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते. पाणी साचले, किंवा विहिरीच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असले, तर आणखीच. म्हणून पावसाळ्यात झाड अधिक पिवळे. उसाच्या अशा पिवळेपणाला शेतकरी ‘केवडा’ म्हणतात. बाजरीचा केवडा मात्र बुरशीजन्य. नाव एक, दुखणी दोन, आणि औषधांची अदलाबदल ठरलेली.

फ्रान्सला हा धडा महागात पडला. फिलॉक्सेरा किडीने द्राक्षबागा संपवल्यावर अमेरिकी खुंटांवर कलमे बांधली गेली. कीड हटली, पण कोन्याकच्या खडूसारख्या जमिनीत वेली पिवळ्या पडल्या. 1887मध्ये पिएर व्हियाला चुनखडीत तग धरणाऱ्या रानवेली शोधायला अमेरिकेत गेले. टेक्सासमध्ये टी. व्ही. मन्सन यांनी त्यांना चुनखडीच्या टेकड्यांवरची बर्लांडिएरी दाखवली आणि पुढच्या बऱ्याच खुंटांत तिचे रक्त आले. जमीन बदलता येत नाही म्हणून मूळच बदलले. नाशिक-सांगलीच्या बागांतला डॉगरिज खुंटही टेक्सासच्या रानवेलीचाच. आपल्याकडे तो मुख्यतः पाण्याचा ताण आणि क्षार यांसाठी लावतात.

मी हिराकस आणला. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात घालून शाई करीत, तोच. दहा लिटरला 50 ग्रॅम या प्रमाणात थोडासा पाण्यात विरघळवला, त्यात लिंबाचे चार थेंब पिळले आणि संध्याकाळी एका पानाच्या फक्त डाव्या अर्ध्या भागावर कुंचल्याने लावला. काही दिवसांनी तो अर्धा हिरवट झाला, उजवा पिवळाच राहिला. नंतर आलेली पालवीही पुन्हा पिवळीच निघाली. तेव्हा आळे उकरून पाण्याला वाट काढून दिली आणि शेणखतात हिराकस मुरवून मुळाशी घातला. यंदा शेंडे वाळलेले नाहीत. युरियाची उरलेली अर्धी पिशवी अजून पडवीत आहे.